आज धरून

रास्ता पेठेतल्या रात्रशाळेत
पावणेआठला हजेरी घेतली. पाच जण.
फळ्याच्या कोपऱ्यात पंचवीस मार्च लिहिलं
आणि, का कोण जाणे, पुसून टाकलं.
धड्यात नव्हतं, परीक्षेला येणार नव्हतं,
तरी सांगायला लागलो.

रोममध्ये महिन्याला खुंट्या तीनच.
पहिली कॅलेंड्स, म्हणजे एक तारीख.
मग नोन्स, पाचवी, काही महिन्यांत सातवी.
मग आयडीज, तेरावी किंवा पंधरावी,
कधीकाळची पौर्णिमा असावी ती.
बाकीच्या दिवसांना स्वतःचं नाव नाही.
ते पुढच्या खुंटीकडे बघत उलटे मोजायचे,
इतके उरले, इतके उरले.

सोपान खिलारे नाना पेठेत लेथवर असतो,
नखातलं वंगण रात्रीही निघत नाही.
म्हणाला, "पगाराचंच की सर हे.
वीस तारीख कुणाला असते आमच्यात?
बारा दिवस राहिलेले असतात."

"आणि व्याजही एक तारखेलाच," मी म्हणालो.
"सावकाराच्या वहीचं नाव त्या दिवसावरून पडलं,
भिंतीवरच्या आपल्या कॅलेंडरचं त्या वहीवरून."
मागच्या बाकावर कुणीतरी "आई गं" म्हणालं.

मग अवघड भाग.
तीस मार्च हा कॅलेंड्सच्या आधीचा तिसरा दिवस.
एकतिसाला दुसरा म्हणत नाहीत, नुसता 'आदला'.
सोपानने बोटं घातली. तीस, एकतीस, एक.
"एक जास्त येतोय. चुकले ते."

जैबुन तांबोळी दिवसभर बाइंडिंगमध्ये फर्मे मोजते,
मोजण्यातलं तिला कुणी शिकवू नये.
"चुकले कुठं? मालक गुरुवारी म्हणतो,
आठ दिवसांनी ये. मी पुढच्या गुरुवारीच जाते.
मोजा, सातच भरतात.
पंधरा दिवस म्हणतो, ते चौदा.
आजचा धरायचा, सर. आजचा धरला की जमतं."

खडू हातात तसाच राहिला.
याच शहरात वाढलो मी.
सोमवारातून मंगळवारात पाच मिनिटांत जातो,
रविवारात दोरी घेतो, शनिवारात बहीण राहते,
वारावारांतून चपला झिजवल्या,
आणि आठवड्यातला आठ कधी दिसला नव्हता.

टेबलाच्या खणात संस्थेचं पत्र होतं.
एकतीस मार्चनंतर वर्ग बंद. पटसंख्या.
दुपारी मोजले तेव्हा सहा आले,
त्यातला एक रविवार.

रेश्मा ओव्हाळ उशिरा आली, इस्पितळातली पाळी संपवून,
हातांना फिनेलचा वास.
"काय चाललंय?"
"आज किती तारीख ते मोजतोय," जैबुन म्हणाली.
तिला पहिल्यापासून सांगितलं, लीप वर्षाचंसुद्धा.
ते महिन्याच्या शेपटाला दिवस चिकटवत नसत,
मार्चच्या कॅलेंड्सआधीचा सहावा दिवस
दोनदा जगायचे.
तिथीची वृद्धी माहीत असलेल्यांना त्यात नवल नव्हतं.
रेश्माने फक्त विचारलं,
"कुठला दोनदा घ्यायचा ते आपण ठरवायचं?"
"नाही. ते पुरोहितांकडे."
"मग आलंच," म्हणाली आणि वही उघडली.

नऊला पाच मिनिटं होती.
पुसलेल्या जागी, खडूची धूळ होती तिथेच,
लिहिलं: एप्रिलच्या कॅलेंड्सपूर्वीचा आठवा दिवस.
खाली लहान अक्षरात: आज धरून.
सोपानने उतरवून घेतलं.
"उद्या सातवा ना, सर?"
"उद्या सातवा."

खणाला कुलूप लावलं.
पत्राचं सांगेन त्यांना परवा.
आपल्यात परवा दोन्ही बाजूंना असतो,
मागेही, पुढेही.
कोणता, ते अजून ठरलेलं नाही.