सागाला पानं नसताना केलेली पाहणी

फेब्रुवारीत टोकावड्याच्या टाकीवर चढून पाहिलं
तर करंजपाडा समोरच होता:
शाळेचे पत्रे, बुधीच्या दारातली निळी बादली.
चार किलोमीटर.
दुर्बीण घुडेकडे दिली. त्यानं वहीत लिहिलं,
"मध्ये काही नाही."

मग ठरलं, पाच पूर्णांक आठ.
दोन पूर्णांक चारवर मुरबाडचा अख्खा बाजार बसलाय,
दर दुकानाचा राउटर ओरडतो,
एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात.
वर मोकळं आहे. परवाना नको, वेग भरपूर.
दोन ताटल्या आणल्या, परातीएवढ्या.
नटांना ग्रीस, केबलला खाली एक वळसा
म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल.
बॅटरीवरून मालकांशी आठवडाभर भांडले;
त्यांच्याकडे ट्रकची जुनी पडून होती.

उणे अठ्ठावन्न.
आमच्या धंद्यात सगळं उण्यातच मोजतात,
उणं जितकं कमी तितकं सुख.
घुडेनं शाळेच्या पत्र्यावरच टाळी वाजवली.

खाली गोमा आगिवले तंबाखू मळत होता.
म्हणाला, "पोरी, आता साग नागडा हाय."
मला वाटलं, थट्टा करतोय.

जुलैत उणे एक्क्याऐंशी.
वैजयंती बाईंचा फोन:
"चित्र अर्ध्यात थांबतं हो.
पोरं म्हणतायत, सूर्यमाला मंगळापर्यंतच आहे."

पुन्हा टाकीवर चढले. शाळा नव्हती.
सुपाएवढी पानं, एकावर एक,
प्रत्येकात पाणी भरलेलं.
आमची लाट बोटाच्या दोन पेरांएवढी,
पानात शिरते
आणि तिथंच मुक्काम करते.

मालक म्हणाले, तोडा.
झाडं जंगल खात्याची, आणि मधोमध एक मोह,
त्याच्या बुंध्याला शेंदूर.
घुडे म्हणाला, खांब वाढवू, सहा मीटर.
मी कागद घेतला. नुसती रेषा मोकळी असून भागत नाही,
रेषेला काकडीसारखं पोट असतं मध्यावर,
ते पोटही कुठं घासता कामा नये.
सहा नव्हे, अकरा.
अकरा मीटरच्या खांबाला ताण, काँक्रीट,
आणि घाटावरून उतरणारा वारा, त्याचा खर्च कोण देणार?

राहिलं आठशे पासष्ट.
दीड वितीची लाट, म्हाताऱ्या माणसासारखी,
पानं बाजूला सारत, थांबत, पण पोचते.
चित्र नेत नाही. चार ओळींचा निरोप नेते.

पाड्यात बैठक घेतली. वेग आणि पोच
यांतला फरक समजावताना माझीच जीभ अडखळली.
बुधीनं एकच विचारलं,
"साप चावला तं कुठली चालंल?"

मग पुढचं बोलणं झालं नाही.
हळू चालणारी पेटी आशाताईंच्या पडवीत लावली,
तिच्यावर एक हिरवा दिवा आणि दोन बटणं.
ताटल्या काढल्या नाहीत. त्या आहेत तशाच,
एकमेकींकडे तोंड करून, मध्ये जंगल.
वैजयंती बाईंनी वेळापत्रक बदललं:
गुरू आणि शनी पानगळीनंतर.

ऑगस्टात एकदा रात्री दोनला पेटी वाजली.
गाडी टोकावड्याहून निघाली, पोचली.
कुणाचं काय झालं ते मी इथं लिहीत नाही,
ते त्या घराचं आहे.

घुडेनं वहीतली ती ओळ खोडली नाही,
खाली लिहिलं, "मध्ये साग. जून ते जानेवारी."
आता नव्या जागी गेलं की मी आधी ताटली उघडत नाही,
तंबाखूची पुडी काढते आणि कुणी गोमा भेटतो का बघते.

पाहणीच्या फॉर्मात एक रकाना वाढवलाय: पानं.
ठाण्याच्या ऑफिसातून दर वेळी विचारणा येते,
यात एकक काय लिहायचं.