तरंगायचं तेल

रोज रात्री नऊला, बातम्या संपल्या की
मी कात्रीनं कॅप्सूलचं टोक कापायची.
आख्खी गोळी आईला गिळवत नव्हती,
उजवा हात गेला त्या हिवाळ्यापासून.
चार कॅप्सूल, एक चमचा.
पाण्यासारखं पातळ, ना वास ना चव.
"आ कर," म्हणायची मी. करायची.

तिचं नाव मालन्यो. म्हणजे शेवटची मुलगी.
पाचवीही मुलगीच झाली तेव्हा
आजोबांनी देवाला बजावून ठेवलेलं नाव.
तिच्यानंतर आणखी दोघी झाल्या.
हे ती हसत सांगते, आणि हसता हसता खोकते.

तेल आणलं सांग-ग्यूनं. माझा धाकटा भाऊ.
नऊ महिने दक्षिणेच्या समुद्रात, ट्यूनाच्या बोटीवर,
मग बुसानला उतरला तो सोनेरी झाकणाची पेटी काखेत घेऊन.
शार्कच्या यकृताचं, म्हणाला,
जिथं उजेड पोचत नाही तिथल्या शार्कच्या.
सांधे, रक्त, फुप्फुसं, सगळ्याला चांगलं.
फुप्फुसं. पेटीवर छापलेलंच होतं.

वसंतात खोकला आला.
येओंगदोच्या चढावर ती तीनदा थांबायला लागली,
मग सातदा,
मग भाजीवालीच्या क्रेटवर बसूनच राहायची.
एक्स-रेत खालच्या अंगाला ढग.
आधी न्यूमोनिया म्हणाले. मग क्षय.
मग डॉक्टर आवाज खाली आणून बोलू लागले
आणि आईचा चांगला फोटो कोणता,
मी मनात शोधायला लागले.

नळी घालून छाती धुतली.
बाटलीत आलं ते तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं,
आणि वर, हळूहळू जमत गेलेला तवंग,
बाळंतिणीच्या शेवाळाच्या सूपवर येतो तसा.
डॉक्टर ओ, तरुण मुलगी, बुटाची नाडी सुटलेली,
तिनं विचारलं, "घरात तेल कोणतं?"
तिळाचं, मी म्हटलं. पेरिलाचं. तळणाला सोयाबीनचं.
"नाही. चमच्यानं देता ते."

पाण्याची वाट चुकली तर घसा आरडाओरडा करतो.
तेल चपला दाराशी काढून
पाहुण्यासारखं गुपचूप आत जातं,
आणि फुप्फुसाला ते पचवताही येत नाही, हाकलताही.
आईला डोळ्यांत तेल घालून जपावं म्हणतात.
मी छातीत घातलं.
एकशे चाळीस रात्री. रिकाम्या पाकिटांवरून मोजल्या.

त्या माशाला हवेची पिशवी नसते म्हणे.
पोटभर यकृत, यकृतभर तेल,
तेवढ्यावर तो काळोखात तोलून राहतो.
त्याला बुडू न देणारं ते
आता माझ्या आईच्या तळाशी बसलंय.

बंद केलं. ढग थोडा विरळ झाला, गेला नाही.
वेळ लागेल, डॉक्टर ओ म्हणते,
आणि किती ते सांगत नाही.
उरलेली पेटी टाकवली नाही, महागाची होती.
चार थेंब बिजागरीत सोडले.
दार आता कुरकुरत नाही.
पण रात्री आईच्या पाठीला कान लावला
की आत कुणीतरी गोठलेल्या बर्फावरून
चालत असतं, सावकाश.

काल भावाचा फोन आला, बोटीवरून, आवाज येतो-जातो.
"आई तेल घेते ना?"
मी तोंड उघडायच्या आत तिनं डाव्या हातानं फोन ओढला.
"घेते की. बघ ना, किती सुधारलेय."
मग ओठ मिटून बसली,
चेहरा लालबुंद,
पलीकडे समुद्र खरखरत होता, तो बोलत होता,
मासळीबद्दल, पगाराबद्दल, नव्या स्वयंपाक्याबद्दल,
आणि "बरं, ठेवतो" म्हणेपर्यंत
ती एकदाही खोकली नाही.