सूर्यास्ताला अठरा मिनिटं

अँटवर्प. शुक्रवार. हिवाळ्यात चार वाजताच
खिडकीतला दिवस करपायला लागतो.
आईने चांदीची दोन्ही मेणबत्तीदानं पुसून मांडली,
हातात काडेपेटी.

दारात लेतेब्रहान.
कपाळावर गोंदलेला निळसर क्रूस.
तिचा उपास होता; आमच्या रश्श्याचा वास
तिने शालीच्या टोकाने अडवून धरलेला.
भावाच्या लॉन्ड्रीतल्या वाफेने
बोटं पांढरी, उकडल्यासारखी.
"तीन आठवडे झाले," ती म्हणाली.

"रविवारी ये," एल्हानान म्हणाला,
टोपी सारखी करत.
"रविवारी मी चर्चमध्ये असते."

आई खुर्चीवर बसली.
काडी ओढली नाही.
"दुसऱ्याची मजुरी ज्या घरात रात्रभर झोपते
तिथे मी दिवा लावत नाही."
आई, वेळ होतेय, भाऊ म्हणाला.
तेच तर सांगतेय, आई म्हणाली.

मग ड्रॉवर. नोटा. सुटे पैसे.
लेतेब्रहानने मोजले.
परत मोजले.
एकदा फसलेलं माणूस
बोटांना घाई करू देत नाही.
समोरच्या कौलांवरून ऊन उतरलं,
स्टेशनचा घुमट विझला,
तिला लवकर कर असं कुणी म्हणालं नाही.
एल्हानानसुद्धा.

"बरोबर आहेत," म्हणून ती निघाली.
जिन्यातल्या दिव्याचं बटण दाबलं तिने;
तो दोन मिनिटांनी आपोआप जातो.

टेबलावर दोन कोऱ्या वाती.
एरवी ज्योत लागली की आई
तळव्यांनी डोळे झाकते.
त्या रात्री तिचे हात मांडीवर होते
आणि डोळे उघडे.