सातवा टॉवेल

सोहारच्या कॅम्पात पुस्तकं मागे राहतात.
घरी जाणाऱ्याच्या तीस किलोत
ब्लँकेट बसतं, दूध पावडर, अत्तराच्या बाटल्या,
पोरासाठी रिमोटची गाडी.
काट्यावरचा आकडा वर सरकला
की आधी पुस्तक बाहेर येतं.

तशी मेसच्या फ्रीजवर अकरा साठलीत:
सात खुनाची, तीन डोकं फिरवणारी,
आणि एक तत्त्वज्ञानाची तोंडओळख,
जिच्यावर कुणीतरी गरम पातेलं ठेवलं होतं.

मी रात्रपाळीचा. बंदरावर कंटेनरची सीलं तपासतो.
सकाळी सातला खोलीवर येतो
तेव्हा बाकीचे पाच निघून गेलेले असतात,
एसीचं पाणी बादलीत ठिबकत असतं
आणि झोप येत नाही.

सातही खुनांतून माझ्याआधी
कुणीतरी पेन्सिल घेऊन हिंडून गेलंय.
पान एकतीस, समासात: माळ्याने केला.
पान नव्वद: माळी नव्हे, डॉक्टर.
पान एकशे बारा: डॉक्टरला सोडा, तो फार घाबरतो.
आणि त्या तोंडओळखीत, जिथं विचारलंय
कुणी बघत नसताना टेबल असतं का,
तिथं बारीक अक्षरात:
सुपरवायझर बघत नसताना मी असतो.
तेवढाच असतो.

मी त्याचा माग काढू लागलो.
डावखुरा असावा, ओळी मनगटानं पुसत गेल्यात.
चहा बिनदुधाचा; कपाचं वर्तुळ काळपट.
पान साठला रुवीच्या बसचं तिकीट,
फक्त जायचं.
आचारी बशीर हुरजुक म्हणाला,
चौदा नंबरचा पलंग? तुझाच की तो.
तुझ्याआधी तिघे झाले.
एक कुवेतला गेला, एक घरी,
एकाचं मला आठवत नाही.
आणि ज्याचं आठवत नाही, तोच वाचायचा.

मग ती कादंबरी, ज्यात नवरा
रोज चिमूटभर खोटं बोलून बायकोला पटवतो
की किल्ली तिनंच हरवली,
दार तिनंच उघडं टाकलं.
दोनशे पानं समास कोरे.
शेवटच्या पानावर एकच ओळ, तीही खोडलेली.
मी पुस्तक खिडकीशी तिरकं धरलं,
पेन्सिल आडवी करून हलकी घासली,
सातांपैकी चार पुस्तकांत करतात तसं.
राखाडीतून पांढरं अक्षर वर आलं:
फोनवर मी पण असंच बोलतो.

पाण्याचा पंप लागला. बंद झाला.
भट्ट्यांकडून वारा आला, तोंडात लोखंडाची चव.
तीन वर्षं मी नसीमाला सांगत आलोय,
खोली मोठी आहे, दोघंच असतो,
खिडकीतून समुद्र दिसतो.
समुद्र आहे,
एक गोदाम आणि दोन कुंपणं ओलांडून.

ड्युटीआधी फोन केला.
तिकडे दापोलीत घड्याळ दीड तास पुढे,
ती काहीतरी चिरत होती.
म्हटलं, ऐक, खोली बारा बाय दहाची आहे.
सुरी थांबली नाही.
ठाऊक आहे, ती म्हणाली,
ईदला फोटो पाठवलात ना,
तुमच्या मागे दोरीवर टॉवेल होते. मोजले मी.
मग बोलली का नाहीस?
म्हटलं बघू, किती पानं लावताय.

मी हसलो. ती नाही हसली.
म्हणाली, सात जणांत झोप तरी लागते का?
सहा, मी म्हटलं. सहा जण आहोत.
सात होते. एक निळ्या काठाचा,
कोपऱ्यात, भिंतीला लागून.

मी मान वर केली.
तो तिथंच होता. कडक, वाळलेला,
घडीवर धुळीची रेघ.
मी आलो तेव्हापासून रोज
माझा त्याच्याशेजारी वाळत घालत आलोय
आणि एकदाही विचारलं नाही,
कुणाचा.

हॅलो, ती म्हणत होती.
आहात ना?