तिखाडी

परतवाड्याच्या लग्नात कोणीतरी
डाव्या मनगटावर अत्तर टेकवलं. गुलाब, म्हणाले.

मला वास आला सिपनेकाठच्या भट्टीचा:
तांब्याचा हंडा, चिखलानं लिंपलेलं तोंड,
कार्तिकात कापलेलं तिखाडी गवत
आणि फडक्यानं नळी पुसणारा श्यामलालकाका.

तेल न्यायला येणारा व्यापारी हसायचा,
"तिकडं याचाच गुलाब होते, बावा."
काका बाटली उन्हात धरून म्हणे,
"होऊ दे. आमच्या इथं त गुडघ्यालेच लावतेत."

मायचे गुडघे मीच चोळायची.
शेवटच्या थंडीत तिला माणसं ओळखू येईनात;
माझा तळवा हुंगून विचारायची,
"भट्टी इझली का वं?"

नवरीची आत्या म्हणाली, भारीतलं आहे, कनोजचं.
मी मान हलवली.
जेवणानंतर
हात धुतला तो एकच.