उभ्याने धार

नासिएकू एका पायावर उभी आहे.
डावा पाय दुमडून उजव्या गुडघ्यावर,
त्या मांडीवर भोपळ्याची कासंडी,
आणि छातीशी सांडणीची कास.

गाय बसून पिळायची असते.
चाळीस वर्षं ती अशीच उकिडवी बसली,
बरगडीला कपाळ टेकून,
आतलं रवंथ ऐकत.
या बाईला कपाळ टेकायचं तर कुठे?
ती वरून बघते, लांब पापण्यांनी,
घर पसंत न पडलेल्या पाहुणीसारखी.

एप्रिलचा पाऊस तिसऱ्यांदा फिरकला नाही,
तेव्हा तांबडी गेली.
मग करडी.
मग ती वाकड्या शिंगाची,
जी लग्नात नासिएकूच्या मागोमाग चालत आली होती.
तरस लठ्ठ झाले.
पुढे तेही दिसेनासे झाले.

बकरीच्या आतड्यांत पाऊस वाचणारे
अजून वाकून बघतात.
आतडी तीच आहेत, म्हणतात,
लिपी बदललीय.

मग उरल्यासुरल्या शेळ्या देऊन
उत्तरेच्या रेंदिलेंकडून ही आणली.
सोबत त्यांची एक पोर आली चार दिवस,
दात पडलेली, नऊ-दहा वर्षांची, शिकवायला.
आधी पिलू लाव.
पान्हा फुटला की ओढ त्याला बाजूला.
दोघी जणी दोन बाजूंनी, आणि भराभर,
ही फार वेळ थांबत नाही.
आणि भिऊ नकोस, मावशी, तिला कळतं.
नासिएकू पहिल्या दिवशी दोनदा पडली.
पोर हसली नाही,
हे तिला जास्त लागलं.

गवत नाही, तरी ही जगते.
बाभळीचा शेंडा खाते, जिथे गायीची मान
कधी पोचलीच नसती.
गुरांच्या रिकाम्या कुंपणात
जुनं शेण अजून ऊन धरून आहे.

रोज उजाडता म्हातारा लेसूदा
कुंपणाशी येऊन विचारतो, "गायी कशा आहेत?"
रामराम म्हणायला त्यांच्याकडे
दुसरे शब्दच नाहीत.
"बऱ्या आहेत," ती म्हणते,
एका पायावर,
धार न तोडता.

ती तुंबा पुढे करते. तो तोंड फिरवतो.
मग घेतो.
"खारट," म्हणतो,
आणि तुंबा परत देतो
रिकामा.