रकान्याबाहेर

फॉर्मवर चार रकाने.
कॉल आला. गाडी निघाली. जागेवर पोचली. दवाखाना.
मी ते निळ्या पेनानं भरतो
स्टेअरिंगवर कागद टेकवून,
इंजिन गार होताना करतं ती टिकटिक ऐकत.

कॉल ११.४२.
निघालो ११.४४. मधली दोन मिनिटं
गुरव मॅडमच्या सँडलच्या बंदाची
आणि माझ्या अर्ध्या राहिलेल्या चहाची.

शंभर फुटीवर वरात.
घोडा घामाघूम, नवरदेव पेंगुळलेला,
बॉक्सच्या भिंतीपलीकडं सायरन कुणाला ऐकू जाणार?
पोरं आमच्याच निळ्या उजेडात थोडी नाचून घेतली.
एक जण काचेपाशी वाकला,
"पेशंट हाय का आत? नाय न्हवं?
मग?"

ह्या "मग"चं उत्तर
मी आठ वर्षं गाडी चालवत शोधतोय.

अंकली फाट्याच्या अलीकडं उसाची जोडट्रॉली.
मागं ना लाल काच, ना चमकपट्टी.
अंधारात ऊस अंधारासारखाच दिसतो.
ट्रॅक्टरचा ड्रायव्हर नव्हता,
त्याचा मफलर तेवढा सीटवर होता.

भूपाल पायगोंडा मगदूम, वय चौतीस.
नखं पिवळी. मी म्हटलं, कावीळ.
मॅडम मान हातात धरून म्हणाल्या,
हळद आहे ती, मार्केट यार्डातला माणूस आहे.

पोचलो ११.५६.
म्हणजे चौदा मिनिटं.
महिन्याच्या बैठकीत साहेब पडद्यावर पट्ट्या लावतात,
चौदा हिरव्यात बसतात.

पण मोटरसायकलच्या सायलेन्सरला मी हात लावला.
ही सवय कुणी शिकवलेली नाही.
गार होता.
थंडीचे दिवस धरले तरी
इतकं गार व्हायला वेळ लागतो,
आणि तडकलेल्या मोबाईलवर "घर" असं सात वेळा,
पहिल्यांदा ११.०९ ला.

११.०९ ते ११.४२.
ह्या तेहतीस मिनिटांत
दुधाचा टेम्पो गेला असेल. एखादी एसटी गेली असेल.
कुणीतरी डिपर मारला असेल,
कुणी काच खाली घेतली असेल, थंडी म्हणून परत वर.
गाड्यांचं काय, मी पण ड्रायव्हरच आहे,
सुट्टीच्या दिवशी मी कितीदा थांबलोय?

फोन केला तो दस्तगीर मुलाणीनं, पंक्चरवाल्यानं.
"दोनदा बघितलं मी. वाटलं पिऊन पडलाय.
तिसऱ्यांदा लघवीला उठलो तवा ट्रॉली दिसली.
माझं नाव नका लिहू साहेब."
मी साहेब नाही, हे सांगायला वेळ नव्हता.
नाव नको म्हणणारा तो माणूस
आपण होऊन मागं चढला,
मिरजेपर्यंत मगदूमची पावलं धरून बसला,
पावलांना काही झालं नव्हतं तरी.

कृपामयीच्या अलीकडं मोबाईल आठव्यांदा वाजला.
मॅडमचे दोन्ही हात रक्तात.
दस्तगीरनं उचलला.
आरशात दिसला मला, नुसता ओठ हलवत,
मग म्हणाला,
"व्हय. हायत. आमच्याजवळ हायत."

दवाखाना १२.१९.
स्ट्रेचर आत गेलं, दार हलत राहिलं.

वॉर्डात मी डोकावलो नाही.
डोकावणारे ड्रायव्हर
ही नोकरी फार दिवस करत नाहीत.

चार रकाने भरले, सही केली.
मग डाव्या समासात, भोक पाडतात त्याच्या जरा वर,
पेन्सिलीनं बारीक लिहिलं, ११.०९.
पेन्सिल झेरॉक्सला उमटत नाही.
म्हणूनच कुणी अजून विचारलेलं नाही
हा मगदूमच्या आधीचा, त्याच्या आधीचा,
समासातला आकडा कसला ते.

परत आलो तेव्हा
टपरीवाल्यानं माझा चहा
बशी उपडी घालून झाकून ठेवला होता.
वर साय धरलेली.
म्हणाला, गरम करून देऊ?
मी म्हटलं, किती वेळ लागंल?